मेलेला लाख्या तिसऱ्या अंकात: झाडीपट्टीतल्या एका नाटकाचं कॉपीराइट प्रकरण

गुरुजी आले ते पौषातल्या थंडीत, सकाळच्या पहिल्या गाडीने. ब्रह्मपुरीच्या कोर्टाबाहेर माझ्या टेबलापुढच्या बाकावर बसले, मफलर सोडला आणि पिशवीतून तीन वस्तू काढून मांडल्या: एक दोनशे पानी वही, चार घड्या घातलेलं पोस्टर आणि रेव्हेन्यू तिकीट लावलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स. म्हणाले, "माह्या नाटकाची चोरी झाली जी."

मी आधी वही उघडली. तिथेच चुकलो. या प्रकरणात सगळ्यात आधी वाचायला हवी होती ती चिठ्ठी.

माणसांची, गावांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत, नाटकाचं शीर्षकही. बाकी प्रकरण जसं झालं तसं.

काय घडलं

गुरुजी सिंदेवाही तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. झाडीपट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा पट्टा. धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक असतं. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हा सीझन चालतो. वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावातलं मंडळ तिथून कंपनी ठरवून आणतं, मंडप टाकतं, तिकिटं लावतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. इथे मात्र म्हातारी माणसंही घोंगडी पांघरून नाटकाला बसतात.

या रंगभूमीवर प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना वाक्यं पुरवणारा, फार मोठा माणूस. नट आज या गावात, उद्या त्या गावात, तालमी थोड्या. संहिता असते ती प्रॉम्प्टरच्या हातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी आपलं नाटक वडशातल्या एका कंपनीला दिलं. पंधरा हजार रुपये रोख मिळाले. कंपनीने एक सीझन प्रयोग केले, पोस्टरवर लेखक म्हणून गुरुजींचं नाव छापलं. पुढच्या वर्षी हिरोचं काम करणारा नट कंपनी सोडून गेला आणि नाटक बंद पडलं. वही ट्रंकेत गेली.

यंदा गुरुजी मंडईला मुलीच्या सासरी गेले. रात्रीचं नाटक भलत्याच कंपनीचं, शीर्षक वेगळं, लेखक म्हणून त्या कंपनीच्या मालकाचंच नाव. पहिल्या अंकात त्यांना वाटलं, गोष्ट आपल्यासारखीच दिसते. दुसऱ्या अंकात नायक आपल्या बैलाशी बोलतो, लाख्याशी. ते बोलणं सुरू झालं आणि गुरुजी नटाच्या आधी वाक्यं म्हणायला लागले. शेजारच्याने हटकलं, "आयकू द्या ना जी गुरुजी."

लाख्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी मरतो. प्रेक्षक रडतात. तिसऱ्या अंकात नायकाची बहीण म्हणते, "दादा, लाख्याले गोठ्यात बांधून येते." ही गुरुजींची चूक. मधे महिनाभर लिखाण थांबलं होतं आणि बैल मेल्याचं ते विसरले. पहिल्या कंपनीत कोणाच्या लक्षात आलं नाही. उचलणाऱ्याच्याही आलं नाही. त्या रात्री मेलेला लाख्या पुन्हा गोठ्यात गेला आणि गुरुजी मंडपातून उठून बाहेर आले.

गोष्ट कोणाची, नाटक कोणाचं

गुरुजींची पहिली तक्रार अशी की "माही गोष्ट चोरली." मला त्यांना सांगावं लागलं की गोष्ट तुमची नाही. सावकार धानाची बांधी, म्हणजे शेत गिळतो, धाकटा भाऊ शहरात जाऊन बदलतो, बहिणीचं लग्न अडतं. झाडीपट्टीत यावर किती नाटकं झाली असतील याची मोजदाद नको. कॉपीराइट, सरकारी मराठीत प्रताधिकार, कल्पनेवर मिळत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या प्रवेशांत, ज्या क्रमाने मांडली त्या मांडणीवर मिळतो.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका नाटकाचाच आहे. आर. जी. आनंद यांनी १९५३ साली 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं. १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा हिंदी चित्रपट आला. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे, त्यात सापडलेलं प्रेम दोन्हीकडे. आनंद कोर्टात गेले, प्रकरण १९७८ पर्यंत चाललं आणि ते हरले. न्यायालयाने सांगितलं की विषय, कथानक, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना कोणाच्या मालकीच्या नसतात. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं तरच भंग झाला.

हे सांगितल्यावर गुरुजींचा चेहरा पडला. मग आम्ही कामाला लागलो. मुलीच्या गावच्या एका पोराने अख्खं नाटक मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकलं होतं. त्यावरही गुरुजी चिडले होते, पण पुरावा म्हणून ते सोन्याचं निघालं. एका बाजूला वही, एका बाजूला व्हिडिओ, असा तक्ता केला. पात्रांची नावं बदललेली, एक विनोदी प्रवेश गाळलेला, एक नाच वाढवलेला. पण बैलाशी बोलण्याचा सव्वादोन पानांचा उतारा एका शब्दाचा फरक न होता तसाच. आणि लाख्या. बैलाचं नावसुद्धा बदललं नव्हतं. बदललं असतं तरी मेलेला बैल पुन्हा गोठ्यात कसा गेला याचं उत्तर देता आलं नसतं. दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते. दोघांनी त्याच जागी तीच चूक केली, तर एकाने दुसऱ्याची वही समोर ठेवली होती असंच समजावं लागतं.

शीर्षकाचा मुद्दा मी सोडून दिला. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नाही. समोरच्याने तर शीर्षक बदललेलंच होतं.

नोंदणी केली नव्हती, मग?

गुरुजींच्या पुतण्याने मला विचारलं, "रजिस्ट्रेशनच नाही तर हक्क कुठून आला?" हा गैरसमज वकिलांमध्येही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नाटक कागदावर उतरलं त्या क्षणी हक्क जन्मतो. नोंदणी ऐच्छिक आहे. गोंधळ व्हायला कारणही होतं: मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका निकालात २०१२ साली नोंदणीशिवाय दावा चालत नाही असं म्हटलं गेलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संजय सोया प्रकरणात ते चुकीचं ठरवलं.

तरीही मी अर्ज करायला लावला. नाटकासाठी फी पाचशे रुपये. अर्ज ऑनलाइन जातो, लगेच डायरी नंबर मिळतो, कोणी हरकत घेते का यासाठी तीस दिवस थांबावं लागतं. नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणजे उलट सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं. मात्र भांडण सुरू झाल्यावर केलेल्या नोंदणीकडे न्यायाधीश जरा तिरप्या नजरेने पाहतो, हेही गुरुजींना सांगितलं.

गुरुजींनी आणखी एक पाकीट काढलं. वहीची झेरॉक्स स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून ते तसंच बंद ठेवलं होतं. कोणीतरी नाट्यसंमेलनात सांगितलं म्हणे. याला कायद्यात वेगळं स्थान नाही. उघडं पाकीटही पोस्टाने जातं आणि मागाहून चिकटवता येतं. त्यापेक्षा ब्रह्मपुरीतल्या टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमधली फाइल आणि त्याला पाठवलेले पानांचे व्हॉट्सॅप फोटो जास्त कामाचे ठरले. नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता लेखकाच्या नावाने गेलेली असती तर आणखी बळ आलं असतं. आणि नाटक पुस्तकरूपाने छापलेलं असतं, तर कलम ५५ प्रमाणे ज्याचं नाव पुस्तकावर तोच लेखक असं कोर्टाने गृहीतच धरलं असतं. पोस्टर म्हणजे कृतीची प्रत नव्हे, त्याला ते गृहीतक लागू नाही. पुरावा म्हणून चालतं एवढंच.

चिठ्ठी

आता ती चिठ्ठी. मी ती तिसऱ्या भेटीत नीट वाचली, याची लाज वाटते.

"मिळाले रुपये १५,०००, अक्षरी पंधरा हजार, नाटकाचे. आता काही बाकी नाही." खाली नाटकाचं नाव, तारीख, तिकिटावर गुरुजींची सही. अस्सल पहिल्या कंपनीच्या मालकाकडे.

ही पावती, की हक्काची विक्री? कलम १९ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हवा, देणाऱ्याची सही हवी, आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर सारा भारत.

म्हणजे ती चिठ्ठी निव्वळ पैशाची पावती ठरली, तर हक्क गुरुजींकडेच. पण कोर्टाने तिला हक्कदान मानलं, तर प्रयोगाचा हक्क पाच वर्षं पहिल्या कंपनीकडे, आणि तो वापरणाऱ्यावर दावा करायचा अधिकारही तिचाच. गुरुजींकडे उरलं असतं फक्त कलम ५७, लेखकाचा खास हक्क: हे मी लिहिलं असं म्हणण्याचा, आणि माझ्या लिखाणाची माझी अब्रू जाईल अशी मोडतोड करू नका असं सांगण्याचा. हा हक्क नाटक विकूनही संपत नाही.

गंमत अशी की गुरुजी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते. "मले पैसा नाई पायजे जी, नाव पायजे." त्यांना कायद्याचं कलम ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते बरोबर सांगितलं होतं.

मला मात्र दोन्ही हवं होतं. म्हणून वैनगंगा ओलांडून वडशाला गेलो, चोराकडे जाण्याआधी पहिल्या मालकाकडे. मला भीती होती की तो म्हणेल, नाटक मी विकत घेतलंय, तुमचा काय संबंध. त्याने चहा मागवला आणि आधी अर्धा तास प्रॉम्प्टरला शिव्या दिल्या. त्याचा जुना प्रॉम्प्टर दुसऱ्या कंपनीत गेला होता, जाताना प्रॉम्प्टिंगची वही घेऊन. त्याच रागात त्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की हे नाटक एका सीझनच्या प्रयोगांपुरतंच घेतलं होतं, बाकी सगळे हक्क लेखकाचे. माझ्या मते प्रकरण त्या टेबलावर जिंकलं गेलं. तो माणूस शांत असता तर कदाचित हरलो असतो.

समोरच्याचं उत्तर

नोटिशीला उत्तर आलं ते तीन पानी. गोष्ट घरोघरची आहे, हे एक. त्याचं उत्तर तक्त्यात होतं. गुरुजी तेव्हा सरकारी नोकरीत होते म्हणून हक्क सरकारचा, हे दुसरं. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं. चौथीला गणित शिकवणाऱ्या माणसाने रात्री कंदिलात लिहिलेलं नाटक त्यात येत नाही. तिसरं मात्र मनापासून लिहिलेलं होतं: "आम्ही वही प्रॉम्प्टरकडून तीन हजाराला विकत घेतली आहे, फुकट नाही."

हा गैरसमज साऱ्या वडशात आहे. वही हा कागद. कागद विकत मिळतो, त्यावरच्या नाटकाचा हक्क त्याबरोबर येत नाही. त्यात ती वही विकण्याचा अधिकार प्रॉम्प्टरला कोणी दिला?

मग मंडळाचा प्रश्न. ज्या गावात प्रयोग झाला त्या मंडळाचे अध्यक्ष गुरुजींच्या व्याह्यांचे मित्र. ते म्हणाले, तिकिटाचा पैसा मारुतीच्या देवळाला गेला, देवाच्या कामाला कॉपीराइट लागत नाही. कायद्यात असा अपवाद खरंच आहे, कलम ५२ मध्ये: हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग चालतो. पण प्रयोग करणारं मंडळ हौशी हवं. इथे नाटक केलं ते मानधन घेणाऱ्या कंपनीने. गावच्या पोरांनी स्वतः तोंडाला रंग लावला असता तर अध्यक्षांचं म्हणणं टिकलं असतं. जागा देणाऱ्यालाही कायदा धरतो, पण त्याला माहीत नसेल आणि संशय यायला कारण नसेल तर सोडतो. मंडळाला नोटीस दिली नाही. गुरुजींना त्या गावात मुलीकडे जायचं असतं.

पुतण्याला मात्र पोलीस केस हवी होती. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितल्यापासून ही धमकी फार स्वस्त झाली आहे. मी नाही म्हटलं. भर सीझनमध्ये गाडी अडवली असती तर मालक जामिनाची धावपळ करत बसला असता आणि वीस-पंचवीस नटनट्या, वादक, लाइटवाले रात्रीच्या मजुरीला मुकले असते. दिवाणी दाव्याचा धाक पुरेसा होता. कलम ६२ प्रमाणे लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. कंपनी गडचिरोली जिल्ह्यातली, पण तारखेला यावं लागलं असतं चंद्रपूरला, आणि मनाई हुकूम मिळाला तर प्रयोगांच्या पुढच्या सगळ्या तारखा रद्द.

यूट्यूबवाल्या पोराला फक्त फोन केला. पुरावा उतरवून घेतल्यावर त्याने व्हिडिओ काढला. ऐकला नसता तर यूट्यूबकडे लेखी तक्रार होती. कायद्याप्रमाणे तक्रार आली की मध्यस्थ कंपनीने एकवीस दिवस तो मजकूर बंद ठेवायचा, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणायचा. पोराला कळेना की त्याने काय वाईट केलं. "मी त नाटकाची जाहिरातच केली ना काका."

वडशातली बैठक

माघात वडशाला बसलो. दोन्ही मालक, गुरुजी, मी. समोरच्याने तक्ता वाचला, लाख्याच्या ओळीवर थांबला आणि हसला. तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. झालेल्या प्रयोगांचे ठोक पैसे. पुढे प्रयोगामागे ठरावीक रक्कम, प्रयोग होईल त्याच आठवड्यात. पोस्टरवर आणि नाटकापूर्वीच्या घोषणेत गुरुजींचं नाव, मूळ शीर्षक परत. हक्क फक्त रंगमंचावरच्या प्रयोगाचा, फक्त चार जिल्ह्यांत, फक्त दोन सीझन. चित्रीकरण, यूट्यूब, चित्रपट, पुस्तक, दुसऱ्या भाषेतलं रूपांतर, सगळं लेखकाकडे. करार संपला की प्रॉम्प्टरची वही परत. "वही परत" हे वाक्य पहिल्या मालकाने सुचवलं.

मग त्याच मालकाने हळूच विचारलं, "आणि गाणी?" गुरुजी गप्प. नाटकातल्या सहा गाण्यांपैकी चार हिंदी सिनेमाच्या चालींवर होती. शब्द गुरुजींचे, चाल कोणाची तरी. झाडीपट्टीत हे सर्रास चालतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. पाचवं दंडार या इथल्या लोकनाट्याच्या जुन्या चालीवर. ती परंपरेची, तिचा मालक कोणी नाही. सहाव्याची चाल गावच्या पेटीवाल्याने बांधलेली, म्हणजे त्या चालीचा हक्क पेटीवाल्याचा, आणि त्याला आजवर कोणी छदाम दिला नव्हता. करारात गाण्यांचे फक्त शब्द घातले. पेटीवाल्यासाठी वेगळा कागद केला, त्यावर गुरुजींनीच सही केली, जरा ओशाळूनच.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "मी मेल्यावर हे कोणाचं जी?" म्हटलं, मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचं. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांच्या लिखाणाची पन्नास वर्षं संपत आली तेव्हा सरकारने साठ केली. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. नातीची नात, म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. करारासोबत द्यायची नवी प्रत लिहीत होते, लाख्याची चूक दुरुस्त करू का म्हणून विचारत होते. मी सांगितलं, नव्या प्रतीत करा. जुन्या वहीला पेन लावू नका.

त्यांनी दुरुस्त केली. होळीआधीच्या शेवटच्या प्रयोगाला मीही गेलो होतो. घोषणेत गुरुजींचं नाव दोनदा घेतलं. तिसऱ्या अंकात प्रॉम्प्टरने नवं वाक्य दिलं, दुसऱ्या बैलाचं. बहिणीचं काम करणाऱ्या बाईंना जुनंच पाठ होतं. "दादा, लाख्याले गोठ्यात बांधून येते," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी मफलर तोंडावर ओढून घेतला.